चौथ्या गाण्यातली शांतता

शुक्रवारी सकाळी दहा वाजता चिठ्ठीबाई दुकानाच्या मागच्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. मग तासभर त्या दारावर टकटक करायची कोणाची छाती नव्हती. आतून भिंतीवर दोन थापा ऐकू आल्या की चहाचा कप आत जायचा. कप ठेवणाऱ्यानेही तोंडातून शब्द काढायचा नाही, ठेवायचा आणि उलट्या पावली परत यायचं. दुकानाला आजवर चार वेळा रंग लागला, काउंटर दोनदा बदलला, पण या रिवाजाला कोणी हात लावला नव्हता.

दुकान रेकॉर्डचं. चिठ्ठीबाई तिथे नोकरीला लागल्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या, आता चौऱ्याहत्तर पूर्ण. तशी नोकरी केव्हाच संपली होती. साठाव्या वर्षी थोरल्या मालकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट देऊन निरोप दिला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोला घड्याळ, म्हणून नवराबायको घरी पोटभर हसले. पण पुढच्याच शुक्रवारी मालकांचा फोन आला, की बाई, नवा माल आलाय, तुमच्याशिवाय उघडवत नाही. त्या चपला घालून निघाल्या आणि तेव्हापासून दर शुक्रवारी येत राहिल्या. थोरले मालक गेले, गल्ल्यावर त्यांची मुलगी बसू लागली, तरी शुक्रवार चुकला नाही.

काम एकच. नवा अल्बम दुकानात आला की सगळ्यांच्या आधी तो चिठ्ठीबाईंनी ऐकायचा आणि काय वाटलं ते तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर लिहायचं. ही चिठ्ठी समोर मांडलेल्या प्रतीच्या कव्हरवर, उजव्या कोपऱ्यात चिकटवली जायची. थोरल्या मालकांनी पहिल्याच दिवशी तीन नियम घालून दिले होते. अल्बम एकदाच ऐकायचा, मध्ये थांबवायचा नाही. चिठ्ठी चहा थंड व्हायच्या आत लिहून संपवायची. आणि लिहिलेलं खोडायचं नाही, चिकटवलेलं काढायचं नाही. बाईंनी विचारलं होतं, दुसऱ्यांदा ऐकल्यावर मत बदललं तर? त्यावर मालक म्हणाले होते, "दुसऱ्यांदा ऐकलं की माणूस शहाणा होतो, बाई. आपलं गिऱ्हाईक पहिल्यांदा ऐकणार आहे. त्याला शहाण्याचा काय उपयोग?"

तेव्हापासून पेन्सिल चालली ती चाललीच. एका नावाजलेल्या गवयाच्या अल्बमवर बाईंनी लिहिलं होतं, 'पहिली बाजू उत्तम. दुसऱ्या बाजूला मला झोप लागली. झोपही उत्तम.' मालकांनी डोळे मिटून ती चिठ्ठी चिकटवली, आणि झोप न येणाऱ्या लोकांची दुकानात रीघ लागली. एका जोडगोळीच्या अल्बमबद्दल, 'दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत, घरी भांडून आलेले दिसतात,' असं लिहिलं, तर वर्षभरात ती जोडी खरोखरच फुटली. एकावर नुसतंच 'पाय हलवत बसले' एवढंच होतं. आणि चूकही व्हायची. ज्या अल्बमला त्यांनी 'चार दिवसांचा पाहुणा' म्हटलं तो तीस वर्षं दुकानातून हलला नाही. दर वर्षी नव्याने मागवावा लागायचा आणि दर वेळी तीच चिठ्ठी समोर. लोक ती वाचून हसायचे आणि अल्बम घेऊन जायचे. बाईंनी खोडली नाही. लिहिलं ते काळ्या दगडावरची रेघ.

मधल्या काळात रेकॉर्ड गेल्या, कॅसेट आल्या. चिठ्ठ्या काडेपेटीएवढ्या झाल्या. मग सीडी, मग तर काहीच नाही. दुकानाचा पुढचा अर्धा भाग मोबाइलची कव्हरं विकून तग धरत होता आणि बाई दोन-दोन शुक्रवार मागच्या खोलीत जुन्या रेकॉर्डवरची धूळ पुसत बसायच्या. आणि काय गंमत, गेल्या काही वर्षांत रेकॉर्ड परत आल्या. काळ्या, गोल, तशाच, वरून महाग. पंचविशीतली मुलं कव्हर दोन्ही हातांत धरून, मान तिरकी करून चिठ्ठ्या वाचायला लागली. हे दृश्य बाई काउंटरमागून बघायच्या आणि त्यांना आपणच एकवीस वर्षांच्या झाल्यासारखं वाटायचं.

शिवाय नवं संगीत त्यांना आवडायलाही लागलं होतं. ही गोष्ट त्या घरी आवर्जून सांगायच्या. त्यांच्या तरुणपणी गाणी खचाखच भरलेली असत, आगगाडीच्या डब्यासारखी. कुठे टाचणी ठेवायला जागा नाही. हल्लीची मुलं मात्र जागा सोडतात, म्हणायच्या. मध्येच थांबतात. एखादं वाक्य गाऊन गप्प बसतात. गेल्या पाच-सहा वर्षांच्या त्यांच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या तर हेच सापडेल, 'इथे छान थांबलीय', 'इथे मोकळी हवा आहे'. नव्या पिढीला संयम आला याचं त्यांना फार समाधान होतं.

यजमान हे सगळं मान हलवून ऐकून घेत. त्यांना गल्लीत सगळे घड्याळकाका म्हणत. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं, त्यावर डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे आणि उघडी पडलेली दहा-बारा घड्याळं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी एकही अल्बम धड ऐकला नव्हता. त्यांचं म्हणणं, दिवसभर टिकटिक ऐकतो, संध्याकाळी तरी कानाला सुट्टी दे. बाई म्हणायच्या, माझं नशीबच असं, सोनाराच्या घरी लोखंडाचे दागिने.

त्या शुक्रवारी जो अल्बम आला त्याचं नाव होतं 'बाहेरची पायरी'. एका तरुण गायिकेचा पहिलाच. कव्हरवर खरोखरच एक पायरी, तिच्यावर कोणीतरी विसरलेली छत्री. एकूण सात गाणी, तीन एका बाजूला, चार दुसऱ्या. बाईंनी सुई ठेवली, डोळे मिटले. पोरीचा आवाज खालचा, जाडसर, गोधडीसारखा. पहिलं गाणं बाईंना आवडलं, दुसरं जरा लांबलं, तिसऱ्यात पियानोवाला फार हुशारी दाखवतो असं वाटलं. बाजू पलटली. चौथं गाणं सुरू झालं आणि काहीच वाजेना. बाईंनी डोळे उघडून बघितलं, रेकॉर्ड फिरत होती. दहा सेकंद, वीस, अर्धं मिनिट. चांगलं दीड मिनिट गेलं आणि मग तो गोधडीचा आवाज इतक्या हळू आत आला की बाईंच्या अंगावर काटा आला.

रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी भिंतीवर दोन थापा मारल्या. चहा आला. त्यांनी लिहिलं, 'मुलगी खरी आहे. चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला दीड मिनिट काहीही वाजत नाही. हल्ली दीड मिनिट गप्प बसायची हिंमत कोणात आहे? माझी आई सगळी कामं आटोपून दुपारी खुर्चीत बसायची, तेव्हा घरात अशी शांतता असायची. ती मी पन्नास वर्षांनी पुन्हा ऐकली.' चहा संपला तेव्हा कप अजून कोमट होता.

चिठ्ठी वाचून लोकांनी अल्बम उचलला. एका आठवड्यात बारा प्रती गेल्या, आणखी वीस मागवाव्या लागल्या. गाणारी मुलगी कोण, कुठली, कोणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांना ती शांतता हवी होती.

पुढच्या शुक्रवारी बाई दुकानात शिरल्या तर काउंटरवर त्याच अल्बमच्या तीन प्रती पडलेल्या आणि गल्ल्यावरच्या मालकीणबाईंच्या कपाळाला आठ्या. तिन्ही परत आलेल्या. एक परत देणारी तर अजून तिथेच उभी होती, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली दाताची डॉक्टरीण. ती सांगत होती, की पेशंटना शांत वाटावं म्हणून मुद्दाम घेतला, पण तिच्या प्रतीत चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला काहीतरी बारीक किणकिणतं. खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाला वाटतं ड्रिल सुरू झालं, तो हँडल घट्ट धरतो. दुसरी प्रत हेडमास्तरांची. ते दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले होते, पण अजून सगळ्यांना तपासायची सवय गेली नव्हती. त्यांनी प्रतीबरोबर कागद जोडला होता, त्यावर लाल शाईत लिहिलेलं, 'चिठ्ठीप्रमाणे शांतता नाही. बदलून द्यावी.' तिसरी कोणा बसवाल्याची होती, तक्रार तीच.

म्हणजे बघा, लोकांच्या कानांना स्वच्छ काहीतरी ऐकू येत होतं, पण चिठ्ठीत लिहिलंय नाही, म्हणून त्यांनी रेकॉर्डलाच नापास केलं होतं. तेहतीस प्रती दुकानाने मागवल्या होत्या, त्यातल्या लावून पाहिलेल्यांपैकी एकही मालकीणबाईंना निर्दोष सापडली नव्हती. त्यांनी मनाशी ठरवलंही होतं, सगळा माल खराब निघाला, सोमवारी कंपनीला फोन करून उरलेल्या प्रती परत पाठवायच्या, आणि गावातल्या बाकीच्या दुकानदारांनाही कळवायचं की हा अल्बम घेऊ नका. फक्त एकदा मावशींनी, चिठ्ठीबाईंना त्या मावशी म्हणत, ऐकून खात्री करावी. मावशींच्या प्रतीत शांतता होती ना, मग तीच एक चांगली असणार.

मागच्या खोलीत तिघी उभ्या राहिल्या. मालकीणबाईंनी डॉक्टरीणबाईंची प्रत लावली, सुई बरोबर चौथ्या गाण्यावर ठेवली.

"हे बघा, आत्ता," डॉक्टरीण म्हणाली. "हे आत्ता वाजतंय ते."

चिठ्ठीबाईंनी कान दिला. काहीच वाजत नव्हतं. दुपारच्या घरासारखं शांत होतं सगळं. त्यांनी मान वर केली तर डॉक्टरीणबाईंची मान बारीक तालावर हलत होती आणि मालकीणबाई ओठ दाबून 'बघा ना' अशा अर्थी डोळे मोठे करत होत्या. मग त्यांनी बाईंची चिठ्ठीवाली प्रत लावली. लावल्या लावल्या त्यांचा चेहरा पडला. अगंबाई, म्हणाल्या, हिच्यातही आलंच की. म्हणजे ही पण बिघडली.

बिघाड कुठे आहे हे बाईंना क्षणात कळलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला असलं कळायला वेळ लागत नाही, कबूल करायला लागतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, एक शब्द न बोलता त्या मान हलवू शकत होत्या. सोमवारी माल परत गेला असता, दुसरा अल्बम आला असता, शुक्रवारची खुर्ची शाबूत राहिली असती. आणि ती पायरीवर छत्री विसरणारी पोरगी? तिच्या पहिल्याच अल्बमवर 'खराब माल' असा शिक्का बसला असता, तोही बाईंच्या पेन्सिलीने.

त्या एवढंच म्हणाल्या, की एक प्रत घरी नेते, आमच्या प्लेअरवर बघते, सोमवारपर्यंत फोन करू नकोस.

घरी पोचेपर्यंत त्या रस्त्यात कान तपासत तपासत चालल्या. बस ऐकू आली, भाजीवाली ऐकू आली, आपल्या चपला ऐकू आल्या. शेजारच्या मुलाच्या सायकलची घंटा? मुलगा घंटेवर अंगठा दाबत अगदी जवळून गेला. बाईंना फक्त अंगठा दिसला.

काका टेबलाशी वाकलेले होते. बाईंनी काही न सांगता रेकॉर्ड लावली आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. काकांनी डोळ्याचं भिंग काढलं. आजवर बाईंनी त्यांना कधी असं समोर बसून गाणं ऐकवलं नव्हतं, त्यामुळे काहीतरी गंभीर आहे हे त्यांनी ओळखलं.

"चौथं गाणं लावलंय. काही ऐकू येतंय?"

"येतंय की."

"काय येतंय ते सांगा. नीट सांगा. एखादं घड्याळ तपासताना गिऱ्हाइकाला सांगता तसं."

काकांनी डोळे मिटले. बोटाच्या पेराने टेबलावर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "बायकी घड्याळ असतं ना, नखाएवढं, त्याचं झाकण काढून कानाशी धरलं की आत कसं चालतं, तसं. पण काचेचं. काचेच्या बारीक घंटा असाव्यात. आणि मध्येच एक ठोका चुकवतंय."

"म्हणजे बिघाडच."

"छे. बिघडलेलं चाक दर फेऱ्याला त्याच जागी अडखळतं. हे दर वेळी नव्या जागी अडखळतंय. मुद्दाम चुकवणारा माणूस बसलाय तिथे." त्यांनी डोळे उघडले. "चांगलं वाजवतोय हो. पुढे तिचा आवाज येतो तेव्हा शेवटची घंटा तिच्या पहिल्या शब्दाखाली जाते आणि विझते. त्यासाठीच एवढा वेळ वाजत होतं सगळं."

रेकॉर्ड फिरत होती. बाईंना फक्त पोरीचा आवाज ऐकू येत होता, तो कशावर पाऊल ठेवून आत आला ते नव्हतं.

"मला नाही ऐकू येत ते," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? केव्हापासून?"

"दाराची घंटा बदलली तेव्हापासून."

तीन वर्षांपूर्वी काकांनी दाराची जुनी किणकिणणारी घंटा काढून तिथे एक धप्प असा आवाज करणारं यंत्र बसवलं होतं. जुनी मोडली, म्हणाले होते. बाईंनी त्या नव्या आवाजावरून त्यांना महिनाभर टोमणे मारले होते, दारात कोणी पोतं टाकल्यासारखं वाटतं म्हणून. आता त्यांना एकेक आठवायला लागलं. ओव्हनची शिट्टी झाली की काका टेबलावरून उठून स्वयंपाकघरात 'पाणी प्यायला' यायचे. पहाटेचा गजर ते स्वतः बंद करून त्यांना हाताने हलवून उठवायचे. आणि बाईंना वाटायचं, म्हातारपणी माणूस प्रेमळ झाला.

मग त्या रागावल्या. बायको आहे मी तुमची, म्हणाल्या, का भिंतीवरचं चित्र? सांगायला काय झालं होतं? लोक माझ्या शब्दावर रेकॉर्ड परत आणतायत, एका पोरीचं वाटोळं व्हायची वेळ आली, आणि तुम्ही मूग गिळून बसलात. काकांनी सगळं ऐकून घेतलं. बाईंचा राग वाफेवरच्या भांड्यासारखा आहे, झाकण उडालं की संपलं, हे त्यांना पन्नास वर्षांत कळलं होतं.

"शुक्रवारी तू घरी यायचीस तेव्हा काय खुशीत असायचीस," ते म्हणाले. "घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं म्हणून कोणी भिंतीवरून उतरवत नाही गं."

बाईंना हसूही येईना आणि रडूही. त्यांना ते सगळे शुक्रवार आठवले, ती मोकळी हवा, तो नव्या पिढीचा संयम. कोण जाणे त्या प्रत्येक जागी काय काय वाजत होतं. शिट्ट्या असतील, बासऱ्यांचे वरचे सूर असतील, पोरांनी जीव ओतून भरलेल्या जागा असतील. आणि त्यांनी त्या सगळ्यांना गप्प बसल्याबद्दल शाबासकी दिली होती. थोड्या वेळाने मात्र त्यांच्या मनात आलं, की आईची दुपार तर खरीच आठवली होती. ती काही खोटी नव्हती. पोरीचा आवाजही खरा होता, अंगावरचा काटाही.

"ते घड्याळाचं पुन्हा एकदा सांगा," त्या पेन्सिल शोधत म्हणाल्या.

"रेकॉर्ड पुन्हा लाव मग."

"नाही लावायची. एकदाच ऐकायची असते. आठवतंय तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेलाच त्या हजर झाल्या. मालकीणबाई शटरला किल्ली लावत होत्या. बाईंनी त्यांना आत जाऊ दिलं, दिवे लागू दिले, आणि मग काउंटरवर रेकॉर्ड ठेवून सरळ सांगितलं, "रेकॉर्ड चांगली आहे. कान जुने झालेत. माझे."

मालकीणबाईंना आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा त्या गडबडल्या, काहीबाही बोलायला लागल्या, की मावशी, त्या दिवशी गर्दीचा आवाज असेल, प्लेअर जुना आहे. बाईंनी त्यांना थांबवलं. पर्समधून पेन्सिल काढून काउंटरवर ठेवली, थोरल्या मालकांनी दिलेल्या पितळी टोपणासकट. म्हणाल्या, ती चिठ्ठी तेवढी काढून टाक, तुझ्या वडिलांचा नियम मोडायचं पाप माझ्या माथी. शुक्रवारी कोणी तरुण कानाचं बसव.

मालकीणबाई बराच वेळ ती पेन्सिल फिरवत राहिल्या. त्या लहान होत्या तेव्हा शाळेतून येऊन याच काउंटरखाली बसून अभ्यास करायच्या. बाईंच्या दोन थापा ऐकू आल्या की वडिलांचं बोलणं बंद, हे त्यांनी तिथूनच पाहिलेलं.

"चिठ्ठी काढायची नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा तुम्हाला शांतताच ऐकू आली ना? मग खोटं काय आहे त्यात?"

"लोक रेकॉर्ड परत आणतायत, पोरी."

"तेच म्हणते. त्यांचं काय करायचं?"

तेव्हा बाईंनी पर्समधून दुसरा पुठ्ठा काढला. अक्षर त्यांचंच होतं, पण शब्द वेगळे. 'चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला काचेच्या घंटा. बायकी घड्याळ कानाशी धरल्यासारख्या. मुद्दाम ठोका चुकवतात, बिघाड नाही. शेवटची घंटा गाणारीच्या पहिल्या शब्दाखाली विझते. चाल उत्तम, तेल घालायची गरज नाही.'

मालकीणबाईंनी दोनदा वाचलं. विचारलं, हे कोणाचं?

"आमच्या ह्यांचं. पहिलंच ऐकणं. या अल्बमचंही आणि आयुष्यातलंही."

नियम कुठेच मोडत नव्हता. दुसरी चिठ्ठी पहिलीच्या बरोबर खाली चिकटली. वर शांतता, खाली घंटा. पहिलीच्या खाली बाईंनी नवीन ओळ मात्र लिहिली, 'ऐकणारीचं वय चौऱ्याहत्तर', आणि दुसरीच्या खाली 'ऐकणाऱ्याचं पंचाहत्तर, पण कान तिखट'. कंपनीला फोन गेला नाही.

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, खो खो हसल्या आणि आपली प्रत परत घेऊन गेल्या. आता म्हणे पेशंट आ वासून बसला की त्या आधीच सांगतात, घाबरू नका, हे घड्याळ आहे. बसवालाही काही न बोलता घेऊन गेला. अडून बसले ते हेडमास्तर. त्यांचं म्हणणं, मी चिठ्ठी वाचून पैसे दिले, चिठ्ठीत शांतता आहे, मला शांतता मिळालीच पाहिजे. ते काउंटरवर बोट आपटत होते. मालकीणबाईंनी हात टेकले आणि बाईंना पुढे केलं.

"तुम्ही किती वर्षांचे, हेडमास्तर?" बाईंनी विचारलं.

"बासष्ट."

"मग रेकॉर्ड जपून ठेवा. अजून दहा-बारा वर्षं थांबा, मिळेल तुम्हाला. याच प्रतीत मिळेल."

हेडमास्तरांच्या मिशा हलल्या. लाल शाईचा आपला कागद त्यांनी उलटा केला, त्यावर काहीतरी लिहून खिशात घातला आणि रेकॉर्ड काखेत मारून निघून गेले. काय लिहिलं ते कोणाला कळलं नाही. जाताना दारातून मात्र मोठ्याने म्हणाले, की बाईंना पूर्ण गुण.

कानाच्या डॉक्टरकडे जायचं बाईंनी कबूल केलं. महिनाअखेरची वेळ मिळाली. यंत्र लावलं तर कदाचित सगळं ऐकू येईल, कदाचित नुसती खरखर वाढेल, काका म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. बाईंना वाटत होतं, ऐकू आलंच तर सगळ्यात आधी दाराची जुनी घंटा ऐकायची. ती मोडली नव्हतीच. काकांच्या टेबलाच्या खालच्या खणात, कापडात गुंडाळून ठेवलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

पुढच्या शुक्रवारी मागच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, दाताच्या दवाखान्यात आल्यासारखे अवघडून. नवा अल्बम ढोलवाल्यांचा होता, दणदणीत. बाईंनी सुई ठेवली आणि डोळे मिटले. या खेपेला त्यांना खालचं सगळं छान ऐकू येत होतं, खुर्चीच्या पायांतून सुद्धा, आणि वरचं काय चाललंय ते शेजारी मान हलवणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून कळत होतं. मध्येच काकांचा खांदा थबकला. बाईंनी मनात नोंद केली, इथे काहीतरी आहे. त्यांनी विचारलं नाही. मध्ये बोलायचं नसतं.

रेकॉर्ड संपली. बाईंनी दोन थापा मारल्या. या वेळी दोन कप आले.

बाईंची चिठ्ठी नेहमीप्रमाणे चटकन लिहून झाली, 'पोट हललं, मन जागच्या जागी.' काका मात्र पेन्सिल धरून बसले होते. एक शब्द लिहायचे, भिंतीकडे बघायचे, जिभेचं टोक बाहेर काढायचे, दुसरा शब्द लिहायचे. त्रेपन्न वर्षांत त्या खोलीत कधी कोणाचा चहा थंड झाला नव्हता. बाईंनी एकदा कपाला बोट लावून पाहिलं. मग वर बशी झाकण म्हणून ठेवली.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"तिसरं गाणं मिनिटाला दोन ठोके मागे पडतं," काका लिहिता लिहिता म्हणाले. "ते कसं मांडावं ते सुचत नाहीये. मुलांना वाईट वाटेल."

"जसं आहे तसं लिहा. खोडू नका म्हणजे झालं."

अर्ध्या तासाने त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. चार ओळी. बाईंनी त्या वाचल्या, कपावरची बशी काढली, आणि दोघांनी तो गार चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.